रबरी भुतं, भरदुपारची मध्यरात्र: जुने स्वस्तातले सिनेमे मनमुराद कसे पाहायचे

भुताचा मुखवटा मानेपाशी सुटलेला दिसतो. मध्यरात्रीच्या प्रसंगात झाडांच्या सावल्या जमिनीवर लख्ख पडलेल्या असतात. खलनायक स्वतःची ओळख यमक जुळवून करून देतो. असे सिनेमे मोबाइलवर दहा मिनिटं बघून, दोन वाक्यांची टिंगल करून बंद करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातून खरी मजा निसटते. हे सिनेमे बघायला बैठक लागते, सोबत लागते आणि ते कसे बनले याची थोडी माहिती लागते. माझा अनुभव असा की, बनवणाऱ्याच्या अडचणी जितक्या जास्त कळतात तितकं हसू वाढतं आणि त्याच्याबद्दलचं प्रेमही वाढतं.

जगात हा प्रकार सगळीकडे आहे. अमेरिकेत एड वुडचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हा त्याचा मूळपुरुष मानला जातो. त्यातला प्रमुख नट बेला लुगोसी 1956 साली वारला, म्हणून उरलेल्या प्रसंगांत दुसराच माणूस तोंडावर झगा धरून फिरतो. पण आपल्याला भाषा, गाणी आणि चेहरे ओळखीचे असलेला खजिना हवा असेल तर तो मुंबईत आहे. साधारण 1970 ते 2000 या काळात इथे बनलेले कमी खर्चाचे हिंदी भयपट आणि मारधाडपट. हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

पहिली पायरी: निवड

वाईट सिनेमा आणि मजेदार वाईट सिनेमा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. शंभरातले ऐंशी वाईट सिनेमे फक्त कंटाळवाणे असतात. निवडताना मी एकच गोष्ट आधी पाहतो: बनवणाऱ्यानं जीव ओतला आहे का? दिग्दर्शकाला खरोखर प्रेक्षकाला घाबरवायचं होतं, रडवायचं होतं, थक्क करायचं होतं, आणि पैसा, वेळ किंवा हातोटी कमी पडली, असं असेल तर दर पाच मिनिटांनी काहीतरी अचाट घडतं. ज्यानं नुसती रिळं भरली, त्याच्या सिनेमात काहीच घडत नाही. गेल्या काही वर्षांत मुद्दाम वाईट बनवलेले सिनेमेही येतात. ते टाळा. डोळा मारून केलेली चूक एकदाच हसवते.

जाणूनबुजून विनोदी असलेले सिनेमे या यादीत घालू नका. महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’मधला कवट्या महाकाळ किंवा ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू हे ठरवून, नेमकेपणानं रंगवलेले खलनायक आहेत. मालेगावच्या शेख नासिर यांनी हातमाग-यंत्रमागाच्या त्या गावात ‘मालेगाव के शोले’ बनवला, तेव्हा त्यांना विडंबनच करायचं होतं. तिथे आपण त्यांच्यासोबत हसतो. त्यांच्या ‘सुपरमॅन’च्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आहे (2008). तो मात्र या वाटेवर निघालेल्या प्रत्येकानं आधी पाहावा. बैलगाडीचा उपयोग क्रेनसारखा करून कॅमेरा वर-खाली करणारी माणसं एकदा बघितली की कमी पैशांतल्या कुठल्याही सिनेमाकडे बघायची नजर बदलते.

सुरुवात कुठून करायची, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (1984). तो चालतो भराभर, गोष्ट स्वच्छ आहे आणि काही प्रसंग खरंच भीतिदायक आहेत. नवख्या माणसाला आधी थोडं घाबरू द्यावं, मग हसणं मोकळं होतं.

दुसरी पायरी: रामसे मंडळींची ओळख करून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच निम्मी गंमत घालवतात.

फतेहचंद उत्तमचंद रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. मूळ आडनाव रामसिंघानी. गोऱ्या गिऱ्हाइकांना ते उच्चारता येईना, म्हणून त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचंच दुकान उघडलं. पुढे ते चित्रपटनिर्मितीत उतरले. 1963 साली त्यांनी ‘रुस्तम सोहराब’ काढला, पृथ्वीराज कपूर आणि सुरैया यांना घेऊन. दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. होय, ‘रणांगण’ लिहिणारे बेडेकर. 1970 सालचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हाही त्यांनीच दिग्दर्शित केला. त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात असा प्रसंग होता. सिनेमा पडला. पण लोक त्या एका प्रसंगासाठी थिएटरात येत होते, हे तुलसी आणि श्याम या मुलांच्या लक्षात आलं. त्यांनी वडिलांना गळ घातली की आपण अख्खा सिनेमाच भीतीचा करू.

एकूण सात भाऊ: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणावरचं इंग्रजी पुस्तक घेऊन ही मंडळी काश्मीरला हाउसबोटवर मुक्कामाला गेली आणि तिथे त्यांनी आपापसात धडे गिरवले. मग कामं वाटून घेतली. लेखन कुमारकडे, कॅमेरा गंगूकडे, ध्वनी किरणकडे, संकलन अर्जुनकडे, दिग्दर्शन तुलसी आणि श्यामकडे. 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. त्यासाठी सगळं युनिट महाबळेश्वरला गेलं आणि ज्या गेस्ट हाउसवर उतरलं तिथेच चित्रीकरणही केलं. घरातल्या बायकांनी सगळ्यांचा स्वयंपाक सांभाळला. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. त्या काळच्या मोठ्या चित्रपटाचा यात सेटसुद्धा उभा राहिला नसता.

हे डोक्यात ठेवून सिनेमा बघा. हवेलीच्या पायऱ्यांवरून नायिका किंचाळत पळत येते, तेव्हा दाराआड एक भाऊ धूर सोडतोय, दुसरा दिवा धरतोय, आणि आत वहिनी रात्रीच्या जेवणाच्या तयारीला लागली आहे, हे चित्र मनात असलं की त्या पळापळीला वेगळीच रंगत येते. नंतर त्यांना हवेल्याही जवळच, कोकणात सापडल्या. मुरुडच्या नवाबाचा समुद्राकाठचा राजवाडा त्यांच्या सिनेमांत दिसतो. अलिबाग-मुरुड रस्त्यानं गेलेल्या मराठी माणसाला तो चटकन ओळखू येईल.

तिसरी पायरी: प्रत नीट शोधा

यूट्यूबवर हे बहुतेक सिनेमे व्हिडिओ कंपन्यांच्या अधिकृत चॅनलवर फुकट मिळतात. पण एकाच सिनेमाच्या चार-पाच प्रती असतात आणि सगळ्या सारख्या नसतात. लांबी पाहा. ‘पुराना मंदिर’ सव्वादोन तासांच्या वरचा आहे. दीड तासाची प्रत दिसली तर ती टीव्हीसाठी कापलेली समजा. अशा कापलेल्या प्रतींत गाणी आणि विनोदी उपकथा उडवलेली असते, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. परदेशातल्या मोंडो मकाब्रो या कंपनीनं रामसेंचे काही सिनेमे डीव्हीडीवर चांगल्या प्रतीत आणले. अमेरिका-युरोपात राहणाऱ्यांना ते मिळवणं सोपं जाईल.

दुसरं, टीव्हीच्या चित्राची सेटिंग. जुन्या प्रती चौकोनी असतात. टीव्ही त्या आपोआप ताणतो आणि सगळे नट बुटके, रुंद दिसू लागतात. मूळ आकारात ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या येऊ द्या. आवाज टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर सोडू नका. या सिनेमांचा अर्धा जीव पार्श्वसंगीतात आहे: करकरणारं दार, वटवाघळं, मांजर, वादळ. साधा ब्लूटूथ स्पीकर जोडला तरी भागतं.

चौथी पायरी: बैठक जमवा

चार ते सात माणसं हा उत्तम आकडा. एकट्यानं बघितलं तर हसू ओठांवरच राहतं. दहाच्या वर गेलं की गप्पा सिनेमावर मात करतात. एखादा तरी माणूस असा असावा ज्यानं हे सिनेमे त्या काळी थिएटरात, व्हिडिओ पार्लरमध्ये किंवा जत्रेतल्या तंबूत पाहिलेत. आपल्याकडे जत्रेतला तंबू सिनेमा फार उशिरापर्यंत टिकला. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, कनातीच्या आत जमिनीवर बसलेली माणसं आणि बाहेर कर्ण्यावरून चाललेली जाहिरात. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) हा माहितीपट महाराष्ट्रातल्या अशाच फिरत्या सिनेमांवर आहे. ज्यांनी तंबूत बसून भूत पाहिलं ते मामा-काका सोबत असले की सिनेमा दुप्पट रंगतो, कारण लोक कुठे किंचाळायचे, कुठे शिट्ट्या पडायच्या हे त्यांना माहीत असतं. त्यांना बोलू द्या.

खाणं आवाज न करणारं ठेवा. भेळ चालेल, वेफर्सची कुरकुर नको. मध्यंतराला खरोखर थांबा, चहा करा. या सिनेमांची बांधणीच मध्यंतराभोवती असते, आणि पडद्यावर ती अक्षरं येण्याआधीचं शेवटचं दृश्य बहुधा सगळ्यात मोठ्या किंकाळीचं असतं.

माझा एक नियम आहे आणि तो मी पाहुण्यांना आधीच सांगतो: पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. पात्रं कोण, शाप काय, कुणाचं कुणावर प्रेम, हे कळल्याशिवाय केलेली टिप्पणी फुकट जाते. त्यानंतर मैदान मोकळं.

पाचवी पायरी: काय बघायचं ते ठरवून बघा

इथे थोडा वेळ घालवू, कारण खरा खजिना इथेच आहे.

पहिली गोष्ट कच्ची फिल्म. 35 मिलीमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट खाते. म्हणजे 140 मिनिटांच्या सिनेमाला नुसती पडद्यावर दिसणारी फिल्मच साडेबारा हजार फूट. वाया जाणारी वेगळी. कमी खर्चाच्या निर्मात्यासाठी हा सगळ्यात टोचणारा खर्च. म्हणून दुसरा टेक घ्यायची ऐपत नाही. नट अडखळला, दाराची कडी हातात आली, मेलेल्या माणसाची पापणी हलली, तरी टेक ‘ओके’. प्रेतं श्वास घेताना दिसली की समजावं, ती फिल्म वाचवली गेली आहे.

दुसरी गोष्ट रात्र. जंगलात खरी रात्र चित्रित करायची तर जनरेटर हवा, मोठे दिवे हवेत, माणसांना रात्रपाळीचे पैसे द्यावे लागतात. त्याऐवजी दुपारी चित्रीकरण करायचं, भिंगावर निळा फिल्टर लावायचा आणि चित्र मुद्दाम काळपट ठेवायचं. हॉलिवूडमध्येही हे होत असे. पण ते करताना आकाश चौकटीत येऊ द्यायचं नसतं आणि कडक उन्हाच्या सावल्या टाळायच्या असतात. घाईत दोन्ही राहून जातं. हरिनाम सिंग यांचा ‘शैतानी ड्रॅक्युला’ (2006) तर फिल्टरच्याही भानगडीत फारसा पडत नाही. उजेडात माणसं फिरतात आणि रात्र झाली आहे हे संवादातून आपल्याला सांगतात. तो बघताना बैठकीतल्या प्रत्येकानं सावल्यांवर नजर ठेवावी.

तिसरी गोष्ट झूम. कॅमेरा माणसाजवळ न्यायचा तर ट्रॉलीचे रूळ टाकावे लागतात, त्यात तास-दीड तास जातो. झूम लेन्स फिरवली की दोन सेकंदांत काम. म्हणून नायिकेच्या डोळ्यांवर, कुलपावर, त्रिशूळावर, मुखवट्यावर सटासट झूम. एका प्रसंगात किती झूम झाले ते मोजायला लहान मुलांना फार आवडतं, फक्त सिनेमा त्यांच्या वयाचा निवडा.

चौथी गोष्ट आवाज. त्या काळी कॅमेरे खडखड वाजायचे, म्हणून संवाद जवळपास सगळेच नंतर स्टुडिओत बसून भरले जात. मोठ्या निर्मात्याकडे ओठांशी शब्द जुळवायला वेळ असे. इथे नसे. शिवाय छोट्या भूमिका करणारे नट डबिंगला येतीलच असं नाही. मग एकच आवाज पुजारी, तांगेवाला आणि हवालदार अशा तिघांना. डोळे मिटून ऐकलंत की हे चटकन कळतं. एखादा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा आणि मग चित्राशिवाय ऐका. दोन वेगळे सिनेमे हाती लागतील.

पाचवी गोष्ट रंग. हवेलीच्या खिडकीतून हिरवा, जिन्यावरून लाल, तळघरातून निळा प्रकाश का येतो, याला गोष्टीत कारण नाही. दिव्यावर रंगीत कागद लावला की साध्या भिंतीलाही रूप येतं आणि सेट उघडा आहे हे झाकलं जातं. पण गंगू रामसे यांच्या कॅमेऱ्यात हे फार देखणं होतं. ‘पुराना मंदिर’ आणि ‘वीराना’ (1988) मधल्या काही चौकटी थांबवून बघाव्यात इतक्या सुंदर आहेत. इथे हसू थांबतं, आणि थांबू द्यावं.

बैठकीत सहा माणसं असतील तर प्रत्येकाला एकेक खातं वाटून द्या. कुणी आवाज, कुणी सावल्या, कुणी कपडे, कुणी रक्ताचा रंग, कुणी प्रेतं. मध्यंतराला प्रत्येकानं आपल्या खात्यातलं एक तरी सापडलेलं सांगायचं. हा खेळ नवख्यालाही लगेच जमतो आणि कुणाचंही लक्ष मोबाइलकडे जात नाही.

सहावी पायरी: ‘पुराना मंदिर’ हातात हात धरून

सुरुवात दोनशे वर्षांपूर्वीची. राजाची सवारी वाटेत अडते, राजकन्या जुन्या मंदिराकडे भरकटते आणि सामरी नावाचा सैतान तिच्यावर झडप घालतो. राजा त्याला पकडतो आणि दरबारात त्याच्या गुन्ह्यांची यादी वाचली जाते. ही यादी लक्ष देऊन ऐका. वाचणारा ती ज्या गंभीर सरकारी सुरात वाचतो त्यानंच पुढच्या सगळ्या सिनेमाचा सूर लागतो. सामरीचं मुंडकं उडवायचं, धड एकीकडे आणि मुंडकं दुसरीकडे ठेवायचं, पेटीवर शंकराचा त्रिशूळ. तो मरताना शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. एवढी पक्की पायाभरणी मोठमोठ्या सिनेमांत नसते.

सामरीचं काम अनिरुद्ध अग्रवाल यांनी केलं. रुरकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला, सव्वासहा फुटांच्या वरचा हा माणूस. चेहऱ्यावर मुखवट्याची फारशी गरजच पडली नाही. लाल डोळे, पुढे आलेलं कपाळ आणि अतिशय सावकाश चालणं. त्यांच्याकडे बघून मी कधीच हसलो नाही, आणि तुम्हीही हसणार नाही. हाच नट पुढे ‘बंद दरवाजा’ (1990) मध्ये रक्तपिपासू झाला आणि शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’मध्येही दिसला.

मग वर्तमानकाळ. मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर ही तरुण मंडळी हवेलीवर येतात. सदाशिव अमरापूरकर इथे आहेत, त्यांच्या एकेका नजरेसाठी मागे जाऊन बघा. साध्या ओळीलाही ते जो वाकडा हेल देतात, तो रंगभूमीवर घासून तयार झालेला आहे.

आणि अचानक, भुताचं सगळं सोडून, जगदीप मच्छर सिंग नावाचा दरोडेखोर होऊन येतात आणि ‘शोले’चं विडंबन सुरू होतं, सोबत ललिता पवार आणि राजेंद्रनाथ. मूळ ‘शोले’त सूरमा भोपाली झालेले जगदीपच इथे गब्बरची नक्कल करतात. मुख्य गोष्टीशी याचा धागा अगदी बारीक. लोक इथे पुढे ढकलतात. ढकलू नका. वितरकाला भीती, गाणी, मारामारी आणि हसणं असं सगळं एका तिकिटात हवं असे. विनोदाचा भाग वेगळा, थोड्या नटांत उरकता येई. दहा मिनिटांपूर्वी किंचाळलेली माणसं अचानक जगदीपकडे बघायला लागतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते आमच्या बैठकीतलं सगळ्यात मोठं हसू असतं.

सातवी पायरी: यमकवाल्यांकडे

भुताखेतांचे दोन-तीन झाले की कांती शाह यांच्या ‘गुंडा’कडे (1998) वळा. संवाद बशीर बब्बर यांचे, नायक मिथुन चक्रवर्ती. 1989 या एका वर्षात नायक म्हणून 19 सिनेमे प्रदर्शित झाल्याचा विक्रम मिथुन यांच्या नावावर आहे. नव्वदच्या दशकात ते उटीला राहायला गेले. तिथे त्यांचं हॉटेल. निर्माते युनिट घेऊन तिथेच येत, राहायची सोय तिथेच होई, आणि सिनेमा कमी दिवसांत, कमी पैशांत पुरा होई. लहान केंद्रांवर मिथुनच्या नावाला गर्दी असायचीच, त्यामुळे पैसा बुडत नसे. त्या काळातल्या अशा सिनेमांचं गणित हे एवढंच.

‘गुंडा’त खलनायकांची रांग आहे आणि प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे बघत यमकातून आपलं नाव सांगतो. मुकेश रिशी, शक्ती कपूर, हरीश पटेल, आपले मोहन जोशी. ही अनुभवी माणसं त्या अचाट ओळी तितक्याच निष्ठेनं म्हणतात, आणि म्हणूनच त्या लोकांच्या तोंडी राहिल्या. नंतर इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांत तो फाइली फिरवून बघितला गेला आणि तिथून त्याची कीर्ती पसरली. शेवटच्या हाणामारीतला रिक्षांचा ताफा बघायला विसरू नका.

पण या पायरीवर एक गोष्ट आधी सांगितलीच पाहिजे. ‘गुंडा’त आणि या काळच्या अनेक सिनेमांत बलात्काराचे प्रसंग आहेत, ते लांबवलेले आहेत आणि त्यांत हसण्यासारखं काहीही नाही. सिनेमा मुळात प्रौढांसाठी आहे. मी यजमान असेन तेव्हा तो आधी एकट्यानं बघून ठेवतो, कुठून कुठपर्यंत पुढे न्यायचं ते लिहून ठेवतो आणि बैठकीत न विचारता पुढे नेतो. पाहुण्यांना सुरुवातीलाच सांगतो की असे भाग आहेत आणि आपण ते बघणार नाही. बुटक्या, जाड किंवा काळ्या नटांच्या रूपावर केलेले विनोदही असेच सोडून द्यावेत. आपलं हसू फसलेल्या युक्तीवर आणि अफाट आत्मविश्वासावर असावं, माणसाच्या शरीरावर नको.

काही प्रतींत मधेच गोष्टीशी संबंध नसलेली, दुसऱ्याच फिल्मची दृश्यं लागतात. छोट्या थिएटरांत प्रोजेक्शनच्या वेळी असे तुकडे घुसवले जात, त्यांना ‘बिट’ म्हणत. हा सगळा व्यवहार, त्यातली माणसं आणि त्यांचं पुढे काय झालं हे ‘सिनेमा मरते दम तक’ (2023) या माहितीपट-मालिकेत आहे. विनोद तलवार, जे. नीलम, दिलीप गुलाटी आणि किशन शाह या चार दिग्दर्शकांना त्यात पुन्हा एकेक सिनेमा करायची संधी दिली आहे. ती मालिका ‘गुंडा’नंतर लगेच बघावी. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं अशी माणसं पुन्हा ‘अॅक्शन’ म्हणतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आठवी पायरी: मागे जा, मग वाट्टेल तिकडे

इथून पुढे रस्ते फुटतात. दारा सिंग यांचा ‘चांद पर चढाई’ 1967 सालचा आहे, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या दोन वर्षं आधीचा. कृष्णधवल, चंद्रावर राजकन्या, राक्षस आणि अर्थात कुस्ती. त्यांचाच ‘किंग काँग’ (1962) लावलात तर माकडाची वाट बघू नका, त्यात त्या नावाचा खराखुरा पैलवान आहे. तो बाबूभाई मिस्त्री यांनी दिग्दर्शित केला. काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्यानं वस्तू हवेत नाचवायची युक्ती त्यांनी 1937 सालच्या ‘ख्वाब की दुनिया’त इतकी झकास वापरली की लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. दोरा दिसतो का ते शोधत बसायला मला अजूनही आवडतं.

पुनीत इस्सर यांचा ‘सुपरमॅन’ (1987) हवा तर हॉलिवूडच्या मूळ सिनेमातली उडण्याची दृश्यं आधी एकदा बघून घ्या. तीच इथे सरळ वापरलेली सापडतील. ‘वीराना’त सतीश शाह हिचकॉक नावाचा भयपट दिग्दर्शक झाले आहेत, म्हणजे रामसे मंडळींनी स्वतःच्याच धंद्यावर केलेली मस्करी. ‘महाकाल’मध्ये ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या अमेरिकन सिनेमातला, बोटांना पाती लावलेला स्वप्नातला सैतान हिंदीत आला आणि जोडीला मायकल जॅक्सनच्या वेषातले जॉनी लिव्हर. मोहन भाकरी यांचा ‘खूनी मुर्दा’ही त्याच इंग्रजी सिनेमावरून उचललेला. हे दोन्ही लागोपाठ लावले तर कुणी कुठे काटकसर केली ते कळतं.

शेवटी थोडी वही

श्रेयनामावली चुकवू नका. सुरुवातीची नावं थांबवून वाचा आणि वहीत टिपा: कॅमेरा, मेकअप, मारामारी, पार्श्वसंगीत. पाच-सहा सिनेमांनंतर तीच नावं पुन्हा भेटू लागतात आणि मग एखादा अनोळखी सिनेमा लावतानाही त्यातलं धुकं कुणाचं असणार याचा अंदाज येतो. वाचायचं असेल तर शाम्य दासगुप्ता यांचं रामसे बंधूंवरचं इंग्रजी पुस्तक आहे, 2017 सालचं. पुण्याला असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुनी पोस्टरं आणि गाण्यांच्या चोपड्या जपलेल्या आहेत. या सिनेमांची पोस्टरं हातानं रंगवलेली असत, आणि चित्रकारानं सिनेमा न बघताच कल्पनेनं काढलेलं भूत पुष्कळदा पडद्यावरच्या भुतापेक्षा भयंकर असे. पुढच्या बैठकीत आधी पोस्टर दाखवा, प्रत्येकाकडून भुताचं वर्णन लिहून घ्या, आणि मग सिनेमा लावा.